शुगर आटोक्यात आहे, पण पाय कोण पाहतं?

मधुमेहाने दृष्टी जाते, किडन्या निकामी होतात, पाय कापावा लागतो, हे बहुतेक घरांत ऐकून माहीत असतं. यांतलं काहीही एका रात्रीत घडत नाही, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. डोळ्याच्या पडद्यावर पहिला लाल ठिपका उमटतो तेव्हा दृष्टी जायला सहसा कित्येक वर्षं असतात. लघवीतून प्रथिनं झिरपायला लागली म्हणजे लगेच डायलिसिस लागतं असंही नाही. मध्ये अनेकदा दहा-पंधरा वर्षांचा काळ जातो. पायाची आधी संवेदना जाते, मग जखम होते, मग ती चिघळते. म्हणजे थांबवायला वेळ भरपूर असतो. अडचण अशी की या सगळ्या काळात काही दुखत नाही, आणि दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढायची आपली पद्धत नाही. त्यात आपण मधुमेहाची सगळी काळजी रक्तातल्या साखरेच्या आकड्यावर उभी केली आहे. उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती, यावर रुग्ण आणि डॉक्टर यांचं बोलणं सुरू होतं आणि तिथेच संपतं. साखर हे नुकसानाचं कारण आहे. नुकसान किती झालं आहे, हे तो आकडा सांगत नाही. ते कळायला डोळ्याचा पडदा, लघवी आणि तळपाय वर्षातून एकदा प्रत्यक्ष तपासावे लागतात, आणि हेच आपल्याकडे सर्वांत कमी होतं.

प्रश्नाचा आकार आधी पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यांमध्ये सर्वांत वर गोवा आहे, २६.४ टक्के, तिथे दर चार प्रौढांमागे एकापेक्षा जास्त मधुमेही. याच पाहणीत उच्च रक्तदाबाचं प्रमाण ३५.५ टक्के निघालं. पुढच्या मजकुरात रक्तदाब पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून हा आकडा इथेच सांगून ठेवतो.

साखर आटोक्यात ठेवण्याला अर्थ नाही, असं मला मुळीच म्हणायचं नाही. त्याचा पुरावा भक्कम आहे. टाइप १ मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात झालेला 'डीसीसीटी' हा अभ्यास १९९३मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाचं एचबीएवनसी, म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ७ टक्क्यांच्या आसपास ठेवलं होतं, दुसऱ्याचं ९च्या आसपास. पहिल्या गटात डोळ्याच्या पडद्याचा आजार नव्याने सुरू होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी झालं. टाइप २साठी असाच मोठा अभ्यास ब्रिटनमध्ये झाला. रॉबर्ट टर्नर आणि रूरी होलमन यांनी ऑक्सफर्डहून चालवलेल्या या 'यूकेपीडीएस'चे निष्कर्ष १९९८मध्ये आले. साखरेवर अधिक कडक नियंत्रण ठेवल्यावर डोळे, किडनी यांसारख्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती २५ टक्क्यांनी घटल्या. दहा वर्षांच्या पुढच्या पाठपुराव्यात आणखी एक गोष्ट दिसली. सुरुवातीच्या वर्षांत साखर ज्यांची चांगली राहिली होती, त्यांना अभ्यास संपून दोन्ही गटांची साखर सारखी झाल्यावरही त्याचा फायदा मिळत राहिला. म्हणजे निदानानंतरची पहिली वर्षं फार मोलाची. 'अजून गोळी नको, आधी पथ्य करून बघतो' म्हणत दोन-तीन वर्षं वाढलेल्या साखरेत काढणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

पण याच यूकेपीडीएसमध्ये दोन गोष्टी अशाही निघाल्या, ज्यांची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही. पहिली म्हणजे, ज्यांना मधुमेह असल्याचं नुकतंच कळलं होतं, त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांच्या शरीरात गुंतागुंतीची काही ना काही खूण त्या दिवशीच होती. टाइप २ मधुमेह निदानाच्या आधी कित्येक वर्षं मुकाट्याने चालू असतो, त्याचा हा परिणाम. म्हणूनच टाइप २मध्ये डोळे, लघवी आणि पाय यांची पहिली तपासणी निदानाबरोबरच करायची असते. टाइप १मध्ये निदानानंतर साधारण पाच वर्षांनी. 'मला तर आत्ताच डायबेटिस निघालाय, एवढ्यात कसले डोळे तपासायचे,' या प्रश्नाचं उत्तर या निम्म्या लोकांत आहे. दुसरी गोष्ट रक्तदाबाची. अभ्यासाच्या एका भागात रक्तदाब सरासरी १४४/८२पर्यंत खाली आणलेल्या गटाची तुलना १५४/८७वर राहिलेल्या गटाशी केली होती. वरचा आकडा फक्त दहाने कमी. तेवढ्यानं पक्षाघात ४४ टक्क्यांनी, मधुमेहाशी संबंधित मृत्यू ३२ टक्क्यांनी आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुंतागुंती ३७ टक्क्यांनी कमी झाल्या. डोळा आणि किडनी वाचवायला बीपीची स्वस्त गोळी साखरेच्या गोळीइतकीच उपयोगी पडते, हे मधुमेही माणसाला पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

डेन्मार्कमधल्या 'स्टेनो-२' या अभ्यासाने ही गोष्ट अधिक स्पष्ट केली. त्यात फक्त १६० रुग्ण होते; सगळे टाइप २चे, सगळ्यांच्या लघवीत अल्प प्रमाणात प्रथिनं उतरू लागलेली. निम्म्यांवर तेव्हाच्या रूढ पद्धतीचे उपचार झाले. उरलेल्या निम्म्यांची साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार, व्यायाम आणि धूम्रपान या सगळ्यांवर एकाच वेळी, चिकाटीने काम केलं. सुमारे आठ वर्षांनंतर या दुसऱ्या गटात हृदयविकार, पक्षाघात, पाय कापावा लागणं अशा घटना निम्म्याहून कमी झाल्या. २१ वर्षांनी पाहिलं तर या गटाचं आयुष्य मध्यकाच्या हिशेबाने ७.९ वर्षांनी जास्त भरलं. विशेष म्हणजे या गटातल्या बहुतेकांना एचबीएवनसीचं ठरवलेलं लक्ष्य गाठता आलं नव्हतं. साखर पूर्णपणे वठणीवर आली नव्हती, तरी माणसं जगली, कारण बाकीच्या गोष्टी सांभाळल्या गेल्या.

मग साखर आणखी खाली, अगदी निरोगी माणसाइतकी आणली तर? हा प्रश्नही विचारून झाला आहे. २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅकॉर्ड' या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात टाइप २च्या, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांचं एचबीएवनसी ६च्या खाली नेण्याचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू २२ टक्क्यांनी वाढले आणि कडक नियंत्रणाचा तो भाग मुदतीआधी थांबवावा लागला. तेव्हापासून लक्ष्य माणसागणिक ठरवायचं, असं मानलं जातं. तरुण, नुकतंच निदान झालेल्या माणसासाठी ते कडक असावं. पंच्याहत्तरीतल्या, हृदयविकार असलेल्या आजोबांसाठी सैल. आजोबांची साखर रात्री ६०वर आली, ते बाथरूममध्ये पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, तर वहीत लिहून ठेवलेल्या सुंदर आकड्यांचा काही उपयोग नाही.

शिवाय तो आकडाही दर वेळी खरा असतो असं नाही. एचबीएवनसी म्हणजे तांबड्या पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर. मधुमेहींमध्ये ती वाढलेली असते, हे तेहरानमध्ये सॅम्युएल रहबर यांच्या लक्षात १९६०च्या दशकाच्या अखेरीस आलं. पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवस, म्हणून ही दोन-तीन महिन्यांची सरासरी. पण पेशीच लवकर मरत असतील, तर साखर चिकटायला वेळ कमी मिळतो आणि आकडा खोटा कमी येतो. सिकलसेलच्या आजारात हेच होतं. गडचिरोली, नंदुरबार आणि विदर्भाच्या बऱ्याच भागात सिकलसेल आहे. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या अ‍ॅनिमियात आकडा उलट खोटा जास्त येऊ शकतो, आणि हा अ‍ॅनिमिया तर आपल्याकडच्या बायकांमध्ये घरोघर आहे. म्हणून हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईचा एचबीएवनसी एकट्याने वाचू नये. सोबत उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर पाहावी.

आता पायांकडे येऊ, कारण तपासणीला सर्वांत सोपे आणि सर्वांत दुर्लक्षित तेच. मधुमेहात पाय का सडतो, याचं उत्तर शोधण्यात भारतातल्या कुष्ठरोगाच्या कामाचा वाटा मोठा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की, कुष्ठरुग्णाची बोटं आजाराने आपोआप झडत नाहीत. मज्जातंतू बधिर होतात, वेदना कळत नाही, त्यामुळे रोजच्या लहान जखमांकडे लक्ष जात नाही आणि माणूस जखमेवर चालत राहतो. पाय जातो तो त्यामुळे. पुढे ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले. तिथे मधुमेहींच्या पायांनाही हेच तत्त्व लागू पडतं, हे लक्षात आलं. जखमेवरचा भार काढण्यासाठी गुडघ्याखाली सबंध पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घालण्याची पद्धत कुष्ठरोगाच्या कामातूनच मधुमेहात आली. एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची मऊ चप्पलही त्याच कामातली. कुष्ठरुग्णांची सेवा महाराष्ट्राने आनंदवनात आणि इतर ठिकाणी पिढ्यान् पिढ्या केली. तिथे शिकलेलं ज्ञान आज लाखो मधुमेही पायांना हवं आहे, आणि ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बधिरता हळूहळू, बोटांच्या टोकांपासून वर चढते. काहींना मुंग्या येतात, रात्री आग होते, कापसावर चालल्यासारखं वाटतं. पण बऱ्याच जणांना काहीच वाटत नाही. पायातली चप्पल निसटली आणि पुढे चार पावलं गेल्यावर खाली पाहिलं तेव्हा कळलं, ही खूण ऐकली की डॉक्टरने मोजे काढायला सांगायलाच हवं. तपासायला नायलॉनचा एक बारीक तंतू लागतो. तो टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर दहा ग्रॅमचा भार पडतो. डोळे मिटलेल्या रुग्णाला तळव्यावर ठरावीक जागी तो टेकलेला कळतो का, एवढंच पाहायचं. तंतू नसेल तरी काम अडत नाही. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रुग्णालयात तयार झालेल्या चाचणीला फक्त एक बोट पुरतं. रुग्णाने डोळे मिटून आडवं व्हायचं. घरातल्या कुणीतरी त्याच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तर्जनीने अगदी हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा. दाबायचं नाही, टोचायचं नाही, घासायचं नाही. दोन्ही पायांचे मिळून सहा स्पर्श. त्यांतले दोन किंवा जास्त कळले नाहीत, तर त्या पायाला धोका आहे असं धरून डॉक्टरकडे जायचं. बायको नवऱ्याची, मुलगा आईची ही तपासणी करू शकतो. खर्च काही नाही.

धोका आहे म्हटल्यावर काय करायचं, हेही सांगायला हवं. घरातही चप्पल घालायची. रोज रात्री तळवे पाहायचे. वाकता येत नसेल तर आरसा धरून किंवा दुसऱ्याकडून. कुरूप किंवा भोवरी झाली तर ब्लेडने कापायची नाही, बाजारातली औषधी पट्टीही चिकटवायची नाही, कारण तिच्यातलं आम्ल बधिर कातडी जाळतं. थंडीत पायाशी गरम पाण्याची पिशवी घ्यायची नाही. वैशाखातल्या दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालताना भाजलेलं बधिर पायाला कळत नाही. फोड दिसतो तो दुसऱ्या दिवशी. देवाच्या दारात चप्पल कशी घालायची, हा प्रश्न खरा आहे आणि तो श्रद्धेचा आहे, त्याची टिंगल करायचं कारण नाही. जाड मोजे घालून, सकाळी लवकर दर्शन घेणं हा त्यातला मार्ग आहे. वारीला जाणाऱ्या मधुमेह्याने नवे बूट घालून निघू नये आणि मुक्कामाला पोचल्यावर आधी पाय पाहावेत. जखम झालीच, तर ती दुखत नाही म्हणून किरकोळ आहे असं समजू नये. न दुखणारी जखम जास्त गंभीर.

मधुमेहात पाय कापण्याच्या शस्त्रक्रिया पाहिल्या तर दहापैकी साधारण आठांची सुरुवात अशाच एका जखमेपासून झालेली असते. नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे आणि नेदरलँड्सचे डॉ. कारेल बाकर यांनी 'स्टेप बाय स्टेप' नावाचा उपक्रम याच विचाराने उभारला. भारत, बांगलादेश, श्रीलंका, टांझानिया अशा देशांतल्या डॉक्टर-परिचारिकांच्या जोड्यांना पाय तपासायला, लहान जखम वेळीच बरी करायला आणि रुग्णाला शिकवायला त्यांनी तयार केलं. जोडीतली परिचारिका महत्त्वाची, कारण दवाखान्याच्या गर्दीत मोजे काढायला लावण्याइतका वेळ डॉक्टरकडे क्वचितच असतो.

बधिरतेचं दुसरं एक कारण आपल्याकडे खास लक्षात ठेवण्यासारखं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातल्या पुरुषांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश पुरुषांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. हे जीवनसत्त्व दूध आणि मांसाहार यांतून मिळतं. आपल्या ताटात दोन्ही बेताचंच. त्यात मधुमेहाची पहिली गोळी मेटफॉर्मिन, आणि ती वर्षानुवर्षं घेतल्यावर ब-१२ आणखी कमी होऊ शकतं. त्याच्या कमतरतेनेही मज्जातंतू बधिर होतात. शाकाहारी माणूस, दहा वर्षं मेटफॉर्मिन आणि पायाला मुंग्या, असं चित्र असेल तर सगळं मधुमेहाच्या माथी मारण्याआधी ब-१२ तपासून घ्यावं. ही कमतरता भरून काढता येते.

डोळ्यांच्या बाबतीत गैरसमज चष्म्याचा आहे. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे डोळे तपासून झाले, असं अनेकांना वाटतं. मधुमेहाचं नुकसान मागच्या पडद्यावर होतं आणि ते बरंच पुढे जाईपर्यंत पेपर स्वच्छ वाचता येतो. पडदा पाहायला सहसा थेंब घालून बाहुली मोठी करावी लागते किंवा खास कॅमेऱ्याने फोटो घ्यावा लागतो. वेळेत सापडलं तर लेझर, डोळ्यातली इंजेक्शनं आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया करून दृष्टी राखता येते. गेलेली दृष्टी परत आणणं फार अवघड. साखर पूर्वी खूप वाढलेली असेल आणि आता झपाट्याने खाली आणायची असेल, तर आधी पडदा दाखवून घ्यावा. डीसीसीटीमध्येच दिसलं होतं की साखर वेगाने सुधारल्यावर सुरुवातीला पडद्याचा आजार काही रुग्णांत तात्पुरता बळावतो. गर्भार राहिलेल्या मधुमेही स्त्रीलाही हाच नियम लागू आहे.

तपासण्या करून हाती काय लागतं, असं विचारणाऱ्यांसाठी इंग्लंडचं उदाहरण आहे. तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २००३पासून बारा वर्षांवरच्या प्रत्येक मधुमेह्याच्या पडद्याचे फोटो घेण्याची योजना सुरू केली. मधुमेहींची यादी तयार असते. त्या यादीवरून माणसाला बोलावणं जातं. प्रशिक्षित कर्मचारी फोटो घेतात, ते ठरलेल्या पद्धतीने वाचले जातात आणि गरज असेल त्यालाच नेत्रतज्ज्ञाकडे पाठवलं जातं. इंग्लंड आणि वेल्समधल्या २००९-१०च्या अंधत्वाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा काम करण्याच्या वयातल्या लोकांच्या अंधत्वाचं पहिलं कारण मधुमेह राहिला नव्हता. निदान पाच दशकांत हे पहिल्यांदा घडत होतं. श्रेय एकट्या फोटोंचं नाही, साखर आणि रक्तदाबाचे उपचारही त्या काळात सुधारले होते. तरी मधुमेहींची संख्या वाढत असताना त्यांच्यातलं अंधत्व मागे हटलं. माझ्या मते त्या योजनेतली सर्वांत मोलाची गोष्ट कॅमेरा नाही, बोलावणं आहे. आपल्याकडे लक्षात ठेवायची जबाबदारी रुग्णावर असते, आणि ज्याला स्वच्छ दिसतंय तो लक्षात ठेवत नाही.

किडनीच्या बाबतीत दोन चाचण्या लागतात आणि बहुतेकांची एकच होते. रक्तातलं क्रिएटिनिन वाढायला लागतं तोवर किडनीचं जवळजवळ निम्मं काम गेलेलं असू शकतं. त्याच्या कितीतरी आधी लघवीत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन उतरू लागतं, पण इतकं थोडं की लघवीच्या साध्या तपासणीत ते 'निल' येतं. त्यासाठी अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं गुणोत्तर, म्हणजे एसीआर, काढावं लागतं. ते एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की सावध व्हायचं. ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असतानाही ते वाढतं, म्हणून पुन्हा तपासून खात्री करायची. या टप्प्यावर करण्यासारखं पुष्कळ असतं. रक्तदाबाच्या ज्या गोळ्या किडनीवरचा दाब कमी करतात, त्यांनी हा आजार मंदावतो हे १९९३ आणि २००१मधल्या अभ्यासांनी सिद्ध केलं. २०१९च्या 'क्रेडेन्स' अभ्यासात कॅनाग्लिफ्लोझिन या साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळीने किडनी निकामी होणं, क्रिएटिनिन दुप्पट होणं आणि किडनी किंवा हृदयाच्या आजाराने मृत्यू यांचा एकत्रित धोका ३० टक्क्यांनी कमी झाला. याच कुळातल्या डॅपाग्लिफ्लोझिनचं मूळ पेटंट भारतात २०२०मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५मध्ये संपलं. अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किमती चांगल्याच उतरल्या. या गोळ्या घेणाऱ्यांनी निर्जळी उपवास, उलट्या-जुलाब किंवा मोठी शस्त्रक्रिया असेल तेव्हा त्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं, कारण अशा वेळी शरीरातलं पाणी कमी होऊन आणि रक्तात आम्ल वाढून जिवावर बेतू शकतं.

'या गोळ्यांनीच किडन्या जातात' असं मात्र गावोगाव ऐकू येतं, आणि ते ऐकून औषध सोडणारेही असतात. या समजाचं मूळ कळण्यासारखं आहे. किडनीची चाळणक्षमता, म्हणजे ईजीएफआर, ४५च्या खाली गेली की डॉक्टर मेटफॉर्मिन कमी करतात आणि ३०च्या खाली बंद करतात. रुग्णाला दिसतं ते एवढंच की किडनी बिघडली आणि डॉक्टरांनी गोळी काढली. मग दोष गोळीचाच असणार. प्रत्यक्षात किडनी बिघडवतात वाढलेली साखर आणि वाढलेला रक्तदाब. बिघडलेल्या किडनीला मेटफॉर्मिन नीट बाहेर टाकता येत नाही म्हणून ती थांबवतात. किडनीला खरा धोका आहे तो गुडघ्यासाठी, कंबरेसाठी दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने खाल्लेल्या डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्यांचा, आणि आत काय आहे हे न लिहिलेल्या पुड्यांचा.

तपासण्यांवरचा दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. वैद्यकीय तपासण्या हा धंदा झाला आहे, मग आणखी तपासण्या का सुचवता? या संशयाला आधार आहे. जाहिरातींतल्या अनेक 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये साठ-सत्तर घटक मोजलेले असतात आणि त्यांतल्या बऱ्याच घटकांचा मधुमेह्याला उपयोग नसतो. पण मी सुचवतो आहे ती यादी याच्या उलट आहे. वर्षातून एकदा पडदा, लघवीचं एसीआर, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल आणि उघड्या पायांची तपासणी. प्रत्येक भेटीत रक्तदाब. अधूनमधून दात आणि हिरड्या. यांतली पायाची तपासणी आणि रक्तदाब यांना प्रयोगशाळाच लागत नाही, म्हणून ती पॅकेजमध्ये सापडत नाहीत. एवढं करून उरलेली पानभर यादी सोडून दिली तर बहुतेकांचा खर्च कमीच होईल.

तिसरा आक्षेप अलीकडचा आहे. वजन उतरवून मधुमेह 'उलटवता' येतो, मग गुंतागुंतींचा प्रश्नच कुठे राहतो? ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' अभ्यासात, निदान होऊन सहा वर्षं उलटली नव्हती अशा, वजन जास्त असलेल्या आणि ते उतरवण्याच्या गटात घेतलेल्या रुग्णांपैकी ४६ टक्के लोक एका वर्षानंतर औषधाशिवाय मधुमेहाच्या मर्यादेबाहेर आले होते. हे यश खरं आहे आणि ज्यांना जमेल त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर प्रयत्न करावा. मात्र वर्षं गेली तसे त्यांतले बरेच जण पुन्हा मधुमेहात परतले. शिवाय साखर उतरली म्हणून आधी झालेलं पडद्याचं किंवा मज्जातंतूंचं नुकसान पुसलं जात नाही. म्हणून औषध बंद झालं तरी वार्षिक तपासण्या चालू ठेवायच्या असतात. औषध सुटल्याच्या आनंदात डोळे दाखवणं थांबवणाऱ्या माणसाला हे कुणीतरी आवर्जून सांगायला हवं.

राहिला प्रश्न हे सगळं करायचं कुणी. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याची तरतूद आहे. आशाताई घरोघर जाऊन अर्ज भरून घेतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून डायलिसिसही होतं. म्हणजे आजाराच्या सुरुवातीला आणि शेवटाला व्यवस्था आहे, मधल्या पंधरा वर्षांत ती विरळ होते. ती उभी करणं तंत्राच्या दृष्टीने अवघड नाही. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत दोनशेहून जास्त मधुमेहींच्या पडद्याचे फोटो आरोग्यसेविकेने मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने काढले आणि मोबाइलमधल्याच कृत्रिम बुद्धिमत्तेने, इंटरनेटशिवाय, ते वाचले. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तज्ज्ञाकडे पाठवण्याची गरज असलेला एकही रुग्ण त्यातून सुटला नाही. अभ्यास लहान होता, पण तो नेमका तिथे झाला जिथे सामान्य माणूस औषधाच्या रांगेत उभा असतो. त्याच रांगेत लघवीची बाटली देता येते, त्याच बाकावर बसवून सहा बोटांना स्पर्श करता येतो, आणि पुढच्या वर्षीच्या तारखेचा संदेश मोबाइलवर पाठवता येतो. मात्र फोटोत दोष सापडलेल्या माणसाला जिल्हा रुग्णालयात लेझरसाठी काही आठवड्यांत तारीख मिळायला हवी, आणि बधिर पायाच्या माणसाला एमसीआरची चप्पल तालुक्याच्या ठिकाणी, परवडेल अशा किमतीत. कुष्ठरुग्णांसाठी अशा चपला बनवणारे आणि वाटणारे हात सरकारी यंत्रणेत पूर्वीपासून आहेत. मधुमेह्याला त्या मिळायला नवा शोध लावावा लागणार नाही, एक आदेश पुरेल.